बोटीवरच्या पोरानं घरी काय आणावं

आमच्या आजोबांच्या पिढीला परदेशात गावं बघायला मिळायची. आम्हाला पुष्कळदा नुसती जेटी दिसते. आई-वडिलांसाठी काय न्यायचं, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आजोबा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर डेकला लागले आणि सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, होऊन घरी आले. दापोली-खेडकडची माणसं डेकवर आणि गोव्याचे तारवटी सलूनमध्ये, अशी तेव्हाची जवळपास ठरलेली वाटणी. माल डेरिकनं, जाळ्यात बांधून उतरायचा, त्यामुळे बोट बंदरात आठवडाभरही उभी असायची. एडन करमुक्त बंदर होतं. तिथून, सिंगापूरहून, कोबेहून नायलॉनच्या साड्या, सीकोची घड्याळं, नॅशनल पॅनासॉनिकचे टू-इन-वन आमच्या वाड्यांमध्ये आले. आयातीवर कडक निर्बंध होते. वस्तू परदेशातली आहे, एवढ्यावरच तिचं मोल ठरायचं. १९९१ नंतर ते बदलत गेलं आणि आज तसल्या बहुतेक वस्तू दापोलीच्या बाजारातसुद्धा मिळतात.

बंदरातला मुक्काम मात्र त्याच्या आधीच आटायला लागला होता. २६ एप्रिल १९५६ ला ‘आयडियल एक्स’ हे जहाज अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला निघालं आणि माल चढवण्या-उतरवण्याची रीतच पालटली. आता मोठं कंटेनर जहाजही कित्येक बंदरांत एक दिवस थांबत नाही. मी इंजिनमध्ये आहे. चालत्या जहाजात जे उघडता येत नाही ते आम्ही बंदरात उघडतो, त्यामुळे धक्क्याला लागल्यावर आमचं काम वाढतं. शहरही जवळ नसतं. रॉटरडॅमचं मासव्लाक्टे टर्मिनल शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. २००४ मध्ये सुरक्षेचे नवे आंतरराष्ट्रीय नियम आले आणि टर्मिनलची फाटकं आणखी आवळली. खलाशाला किनाऱ्यावर उतरू द्यावं, असं २०१३ मध्ये लागू झालेला सागरी कामगार करार सांगतो. पण हातात चार तास असले तर त्यातला किती वेळ रस्त्यात जातो, हे खलाशालाच विचारावं. अशा वेळी सीमेन्स क्लबची माणसं देवासारखी वाटतात. हॅम्बुर्गचा ‘डुकडालबेन’ १९८६ पासून हे काम करतो आहे. त्यांची व्हॅन जहाजावरून आपल्याला उचलते आणि वेळेत परत आणून सोडते.

एका ठिकाणी मात्र बाजारच जहाजावर चढतो. सुएझ कालव्यातून जाताना दोर बांधणारे इजिप्शियन नावाडी त्यांच्या होड्यांसकट जहाजावर घ्यावे लागतात. होड्या क्रेननं वर येतात, माणसं कालवा संपेपर्यंत आमच्याबरोबर असतात आणि अलिवेत, म्हणजे जहाजातल्या बोळात, चादर पसरून दुकान मांडतात: पितळी पिरॅमिड, दगडी भुंगे, उंटाची खेळणी आणि चित्रं काढलेला पपायरस. हा पपायरस बघून घ्यावा. खरा कागद पपायरसच्या देठाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या रचून, दाबून केलेला असतो. उजेडासमोर धरला की पट्ट्यांची जाळी दिसते. केळीच्या पानापासून केलेला नकली कागद दुमडला की तडकतो. मी घासाघीस करतो, पण शेवटचा भाव त्यांचाच राहू देतो. तेही आपल्यासारखे पाण्यावरच पोट भरणारे आहेत.

बंदरातल्या माणसांनी घडवलेलं आणि खलाशानं घरी नेलेलं, हे नातं फार जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले खलाशी घरच्या बायकांसाठी अष्टकोनी लाकडी पेट्या न्यायचे. आत रंगीत शिंपल्यांची नक्षी, मध्ये फूल किंवा प्रेमाचे दोन शब्द. लांबच्या सफरीत खलाशीच त्या करत बसायचे, असा समज बरीच वर्षं होता. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा कळलं, की बहुतेक पेट्या बार्बाडोस बेटावर तयार होत आणि ब्रिजटाऊनमध्ये खलाशांना विकल्या जात. मला यानं त्या पेट्यांची किंमत कमी झालीशी वाटत नाही. आपण जिथं उतरलो तिथल्या हाताचं काम घरच्यांच्या हातात द्यायचं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

म्हणून विमानतळावरची चॉकलेटं मी शेजारपाजारासाठी घेतो, आई-बाबांसाठी नाही. त्यांच्यासाठी दोन गोष्टी बघतो: वस्तू त्या मुलखाची असावी आणि ती कपाटात न जाता वापरात यावी. बाबा पावसाळ्यात कोयकलमं बांधतात. त्यांच्यासाठी हॅम्बुर्गहून झोलिंगेनचा कलमाचा चाकू आणला. झोलिंगेन हे जर्मनीतलं पात्यांचं गाव. तिथं न बनलेल्या पात्यावर ते नाव घालायला १९३८ पासून कायद्यानं बंदी आहे. कोवळ्या कोयीवर तिरका काप एका ओढीत बसला नाही तर कलम धरत नाही, आणि या चाकूनं तो बसतो. आईसाठी लिथुआनियातल्या क्लायपेडाहून जवसाच्या धाग्याचे, लिननचे टॉवेल आणले. तिथं आम्ही धान्य भरत होतो. पाऊस आला की धान्य भरणं थांबतं, हॅच बंद होतात, त्या उघडिपीच्या प्रतीक्षेत मला गावात जायला मिळालं. आई त्या टॉवेलांनी देवाची भांडी पुसते. पाण्याचा डाग राहत नाही, म्हणते.

नव्यानं लागलेल्या पोरांना मी दोन-तीन गोष्टी आवर्जून सांगतो. पुढच्या बंदरात घेऊ, असं म्हणू नये; पुढचं बंदर बदलतं, नाहीतर तिथं उतरायला मिळत नाही. बिलं जपून ठेवावीत, कस्टम्समध्ये विचारतात. पूर्वीच्या खलाशांच्या शोकेसमध्ये पोवळ्याच्या फांद्या असायच्या, त्या आता अजिबात घेऊ नयेत. प्रवाळ आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनंही आहेत. बिया, रोपं, कलमाच्या काड्या परवान्याशिवाय आणू नयेत, कारण त्यांच्याबरोबर परक्या मुलखाची कीड येते.

ही शेवटची गोष्ट बाबांना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. ब्राझीलच्या सांतोसला जहाज लागणार म्हटल्यावर त्यांनी तिथल्या आंब्याची कोय मागितली होती. मी बाजारात जाऊन आंबा घेतला, उभा चिरला, कोयीशेजारी माप कळावं म्हणून माझं पेन ठेवलं आणि फोटो पाठवले. रात्री त्यांचा फोन आला. साल जाड आहे का, रेषा दाताला लागते का, देठाला चीक किती येतो, झाड किती उंच वाढतं, हे त्यांनी एकामागोमाग विचारलं. झाडाचं मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी वॉचवरून सुटल्यावर ते विचारायला मी पुन्हा त्या आंबेवाल्याकडे गेलो.