रामजोशी : चरित्राचा साचा आणि बाडांची साक्ष

उत्तर पेशवाईतील शाहिरांत संस्कृत विद्येचा अधिकार ज्याच्या रचनेत पदोपदी प्रत्ययास येतो, असा शाहीर म्हणजे सोलापूरचा राम जगन्नाथ जोशी होय. त्याचा जन्म इ. स. १७६२ च्या सुमाराचा व अंत इ. स. १८१२ च्या सुमाराचा मानतात. त्याचे चरित्र सर्वतोमुखी आहे. १९४७ साली निघालेल्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या बोलपटाने तर ते घरोघर पोहोचविले. तथापि हे चरित्र ज्या क्रमाने सांगितले जाते तो क्रम कालगणनेच्या कसोटीस उतरतो की नाही, हे पाहणे अवश्य आहे. कारण त्या क्रमाच्या आधारेच त्याच्या लावण्यांची प्रतवारी लावण्याची रीत पडली आहे.

प्रचलित कथा थोडक्यात अशी. जोश्यांचे घराणे विद्वानांचे. वडील बंधू मुद्गल हा व्युत्पन्न पुराणिक. रामास मात्र धोंडी शाहिराच्या फडाचा नाद लागला व त्यापायी बंधूने त्यास घराबाहेर काढले. तेव्हा तो पंढरपुरास गेला, तेथे संस्कृताचे अध्ययन केले आणि परत येऊन कीर्तने करू लागला. पुढे पुनः ढोलकी-तुणतुण्याकडे वळून लावणीकार म्हणून कीर्तीस चढला. शेवटी बारामतीकर मोरोपंतांची गाठ पडली. पंतांनी त्याच्या कवित्वाचा गौरव केला, आणि रामजोशी तमाशा सोडून पंतांच्या आर्या कीर्तनात गाऊ लागला.

या कथेत एक साचा स्पष्ट दिसतो : आधी स्खलन, मग सत्पुरुषाचा उपदेश, शेवटी पश्चात्ताप व हरिकीर्तन. नेमका हाच साचा संगमनेरच्या अनंत फंदीच्या (१७४४–१८१९) चरित्रातही आढळतो. तेथे उपदेश करणारी व्यक्ती अहिल्याबाई होळकर. त्यांच्या बोलण्याने फंदीने डफ टाकला व कीर्तनाचा मार्ग धरला, असे सांगतात. दोन समकालीन शाहिरांची चरित्रे एकाच वळणावर येऊन एकाच रीतीने संपावीत, हे अशक्य नव्हे; परंतु संशोधकाने अशा ठिकाणी सावध झाले पाहिजे. हस्तलिखितांत दोन पोथ्यांत एकच प्रमाद आढळला म्हणजे आपण दोहोंची मूळ प्रत एक असावी असे म्हणतो. तोच न्याय आख्यायिकांस लावण्यास हरकत नसावी.

आता काळाचा विचार करू. मोरोपंत शके १७१६ च्या चैत्री पौर्णिमेस, म्हणजे इ. स. १७९४ च्या एप्रिलात, निवर्तले. अर्थात पंतांची व रामजोशाची भेट त्यापूर्वीची असली पाहिजे. सवाई माधवराव १७९५ त वारले आणि दुसऱ्या बाजीरावास पेशवाईची वस्त्रे १७९६ च्या डिसेंबरात मिळाली. इकडे पुण्यातील तमाशाप्रिय बाजीरावाच्या आश्रयाशी रामजोशाच्या लावण्यांचे नाव परंपरेने जोडलेले आहे. ही परंपरा खरी मानल्यास लावणीकार म्हणून त्याचा हा काळ पंतांच्या भेटीनंतरचा ठरतो. मग त्या भेटीने त्याने तमाशा कायमचा सोडला हे कसे मानावे? उलट तो बाजीरावाकडे केवळ कीर्तनकार म्हणून गेला असे कोणी म्हटले, तरी ज्या लावण्यांबद्दल पंतांनी त्याचा गौरव केला त्या सवाई माधवरावाच्या कारकिर्दीतच तयार झाल्या, असे मान्य करावे लागते. म्हणजे बाजीरावी विलासाने रामजोशी घडविला, हे विधान दोन्ही पक्षी टिकत नाही.

आमच्या मते सरळ अर्थ असा की, लावणी आणि कीर्तन ही त्याच्या आयुष्यातील दोन पर्वे नसून एकाच विद्येचे दोन व्यवहार होते. खुद्द कथेतही तो एकदा कीर्तनातून फडाकडे व एकदा फडातून कीर्तनाकडे गेलेला आहे. चरित्रकारांनी शेवटचे पाऊल तेवढे खरे मानले इतकेच. रचनेची साक्षही हीच आहे. त्याच्या छेकापन्हुतीच्या लावणीचे उदाहरण घ्यावे. अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त सांगितलेला हा अलंकार असा : एक सखी प्रियकरास लागू पडेल असे वर्णन करते, दुसरी ‘हा तुझा प्रियकर काय?’ असे विचारते, आणि पहिली भलत्याच वस्तूचे नाव घेऊन खरी गोष्ट झाकते. हिंदीतील मुकरीचा प्रकार हाच. पाठशाळेत शिकलेला अलंकार शृंगाराच्या लावणीत असा वापरणाऱ्याने पांडित्य आणि फड यांत भिंत घातली होती, असे कोण म्हणेल? तसेच त्याची संस्कृत-मराठी मिश्र रचना व यमकानुप्रासांची दाटी पाहिली म्हणजे पंतांस हा कवी आपल्या जातीचा का वाटला असेल, हे उमजते.

हा प्रश्न केवळ चरित्रापुरता नाही. लावण्या छापताना ‘शृंगारिक’ व ‘आध्यात्मिक’ असे वर्ग पाडले जातात आणि वाचक नकळत पहिल्या तारुण्यातल्या व दुसऱ्या उतारवयातल्या धरून चालतो. या कालनिर्णयास साच्यावाचून दुसरा आधार नाही. गाणाराच्या बाडात अशी वर्गवारी नसते. तेथे शृंगाराची लावणी, वैराग्याचे पद, आरती आणि भेदिकाचा सवाल एकामागून एक येतात, कारण बाड गाण्याच्या सोयीने लिहिलेले असते.

रामजोशाच्या पाठास आणखी एक धोका आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सहसा पाळीत नाहीत. ‘दिन’ व ‘दीन’, ‘सुत’ व ‘सूत’ यांवर बेतलेला श्लेष मोडीतून बालबोधीत उतरताना सहज नाहीसा होतो. त्यातून लिहिणारा संस्कृत न जाणणारा, कानाने ऐकून लिहिणारा असला, तर सामासिक पदांचे भलतेच तुकडे पडतात. अशा जागी मात्रा व अंतर्यमक हीच दुरुस्तीची साधने. अर्थ सोपा वाटतो म्हणून पाठ स्वीकारू नये.

म्हणून संग्राहकांस विनंती अशी. बाड हाती आले म्हणजे त्यातील नामांकित लावण्यांची पाने वेगळी काढू नयेत. बांधणी उसवण्यापूर्वी पानांचा क्रम, प्रत्येक रचनेवरील चालीचा निर्देश, शेवटच्या चौकातील नाममुद्रा, मागची-पुढची रचना आणि अक्षराचे वळण यांची टिपणे करावीत. अशुद्ध म्हणून ओळ गाळू नये. गाणाराच्या कानाने काय ऐकले याचा तो पुरावा असतो. एका शाहिराच्या सुट्या लावण्या शंभर मिळाल्या, तरी त्या कोणाच्या संगतीने गाइल्या जात हे त्यांवरून कळत नाही. ते एका अखंड बाडावरून कळते. रामजोशी आधी कोण आणि नंतर कोण, या वादाचा निकाल लागला तर तो अशा बाडांवरूनच लागेल.