हेस्टिंग्जच्या काळ्या कोठ्या
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्जला बंदर नाही. मासेमारीच्या बोटी थेट गोट्यांच्या किनाऱ्यावरून समुद्रात लोटायच्या आणि परतल्यावर वर ओढून घ्यायच्या. पूर्वी घोड्यांच्या रहाटाने, आता यंत्राने. ‘स्टेड’ नावाच्या या पट्ट्यात जागा तोकडी. सुताची जाळी ओली राहिली की कुजत, म्हणून ती ठेवायला डांबर फासलेल्या, अरुंद पण उंचच उंच लाकडी कोठ्या उभ्या राहिल्या. पर्यटक आज छायाचित्रे काढतात ती यांचीच. शेजारी २०१२ मध्ये कलादालन झाले. त्यालाही काळ्याच फरशा! बांधकामाला कोळ्यांचा कडवा विरोध होता आणि तो निव्वळ हेका म्हणता येणार नाही. कोठ्या देखणा वारसा ठरल्या खऱ्या, पण त्यांच्यासमोर अजून बोटींतून मासळी उतरते आणि तिथल्याच दुकानांत विकली जाते.