राउटरची जुळणी : गावाच्या संपर्काची किल्ली

२०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजनेने, म्हणजेच आजच्या भारतनेटने, ग्रामपंचायती जोडण्याचे कार्य हाती घेतले. परंतु तार दारापर्यंत पोहोचूनही दाखला निघत नाही आणि ग्रामस्थ रिकाम्या हाताने परततो, असे घडू शकते. अशा वेळी राउटरची जुळणी तपासणे अगत्याचे ठरते.

राउटरला किमान दोन मुखे असतात : एक बाहेरच्या जाळ्याकडे, दुसरे कार्यालयातील संगणकांकडे. प्रत्येकास स्वतंत्र आयपी पत्ता लागतो. १९८१ च्या संकेतानुसार हा पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. म्हणून १९२.१६८ ने आरंभ होणारे व अन्य काही पत्ते अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत.

आतील मुखास १९२.१६८.१.१ हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क दिल्यास त्या जाळ्यात २५४ पत्ते वापरता येतात. संगणकांचे पत्ते याच मालिकेतील, पण परस्परांहून भिन्न असावेत. एकच पत्ता दोघांस दिल्यास दोघांचाही संपर्क विस्कळीत होतो. प्रत्येक संगणकात ‘गेटवे’ म्हणून राउटरच्या आतील मुखाचा पत्ता नोंदवावा. बाहेरील मुखाचा पत्ता सेवा पुरविणाऱ्या संस्थेने कळविल्याप्रमाणेच असावा. दोन्ही मुखे एकाच मालिकेत आल्यास कोणता संदेश कोठे धाडावा, हे राउटरला ठरविता येत नाही.

जुळणीनंतर मूळ परवलीचा शब्द बदलावा आणि सर्व पत्त्यांची नोंद दप्तरी ठेवावी. कर्मचारी बदलला तरी मग गावाचे काम अडणार नाही.