काळ्या दगडाखालचे द्वीपकल्प

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर करमाड लागते. या परिसरातली एखादी कोरडी पडलेली विहीर वरून नीट पाहावी. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कठीण काळा पाषाण. त्याच्याखाली पुष्कळदा भोकाभोकांचा, पांढऱ्या स्फटिकांनी भरलेला ठिसूळ खडक येतो. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. मध्येच कुठे विटकरी रंगाचा, हातभर जाडीचा पट्टा दिसतो. मुले विचारतात, काळ्या दगडात ही तांबडी माती कशी घुसली?

ती घुसलेली नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला. पुढचा लोंढा येईपर्यंत बराच काळ गेला, तेवढ्यात त्या दगडाचा वरचा भाग ऊन-पावसाने कुजून माती झाला. नव्या लाव्ह्याने ती झाकली व भाजली. तांबडा पट्टा म्हणजे दोन लोंढ्यांमधली विश्रांती! असे थरावर थर साचून महाराष्ट्राचा बहुतेक भाग झाकला गेला. डोंगरांच्या पायऱ्या याच थरांच्या आहेत. ‘ट्रॅप’ हा शब्दही ‘जिना’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला.

पाण्याचा हिशेबही या थरांतच आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते भेगांत आणि कुजलेल्या, सच्छिद्र भागात साठते. म्हणून एकाच शिवारात एका बोअरला पाणी लागते आणि शेजारच्या बोअरमध्ये नुसती भुकटी निघते. त्यात शेतकऱ्याचे कर्ज वाढते.

पण दख्खनचे द्वीपकल्प ‘प्राचीन’ म्हणतात ते या काळ्या दगडामुळे नव्हे. भूशास्त्राच्या मोजमापाने तो तरुणच. खरे जुने द्वीपकल्प त्याच्याखाली आहे. लातूर जिल्ह्यातील किल्लारीला संशोधनासाठी छिद्र घेतले, तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला. खाली आठेक मीटर गाळाचा थर, आणि मग २५० कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइटसारखा खडक. कोयनेजवळ हाच बेसाल्ट सुमारे ९३० मीटर जाड भरला.

ही वर्षे वर्गात सांगून कळत नाहीत. मैदानात एक मीटरला एक कोटी वर्षे धरा. खालचा खडक २५० मीटरवर, म्हणजे बहुधा शाळेच्या कुंपणाबाहेर जाईल. मादागास्कर आपल्यापासून सुटले ते नऊ मीटरवर, लाव्हा साडेसहा मीटरवर आणि आशियाशी टक्कर पाच मीटरच्या आसपास. त्याच बेसाल्टात कोरलेले वेरूळचे कैलास लेणे तुमच्या पायापासून कागदाच्या जाडीइतक्या अंतरावर!

यातून एक गंमत निघते. लाव्हा वाहत होता तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि उत्तरेलाही समुद्रच होता. तेव्हा ते द्वीपकल्प नव्हे, चक्क बेट होते. चौथी बाजू जमिनीला जोडली गेली ती टकरीनंतर.

ही टक्कर अजून संपलेली नाही. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. समोर आशिया अडवतो, त्यामुळे दाब मागे दख्खनपर्यंत पोचतो आणि खालच्या जुन्या खडकातल्या भेगा कधीतरी सरकतात. पाठ्यपुस्तकातला ‘स्थिर’ हा शब्द म्हणूनच जपून शिकवायला हवा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. माती-दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड धाबे, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली; हजारो मृत्युमुखी पडले. तोपर्यंत हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या गटात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या गटात गेला, आणि पहिला गट काढूनच टाकण्यात आला.