नारिंगी छपराखालील अन्न

एखाद्या खानावळींतील अन्न बिघडलें असें लोक म्हणूं लागतात, तेव्हां तें बिघडून बहुधा बराच काळ लोटलेला असतो. आमटी एका दिवसांत पातळ होत नाहीं. आज एक पळी पाणी, महिन्यानें आणखी एक पळी, अशी ती पातळ होत जाते, आणि रोज जेवणाऱ्यासहि नेमका दिवस सांगतां येत नाहीं. एकाच नांवाचीं शेंकडों उपाहारगृहें असलीं म्हणजे हा ऱ्हास कसा घडतो, याचें बोलकें उदाहरण अमेरिकेतील हॉवर्ड जॉन्सन यांच्या उपाहारगृहांचें आहे.

१९२५ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील क्विन्सी येथें हॉवर्ड डीअरिंग जॉन्सन या गृहस्थांनीं उसने पैसे काढून औषधांचें एक लहानसें दुकान घेतलें. तिकडील तत्कालीन रीतीप्रमाणें तेथें सोडा व आइसक्रीमहि मिळे. औषधांपेक्षां आइसक्रीमकडेच लोकांचा ओढा आहे हें पाहून जॉन्सन यांनीं त्यांतील स्निग्धांश वाढविला. माल अधिक कसदार करून धंद्याचा पाया घातला गेला, हें पुढील हकीकत ऐकतांना ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पुढें त्यांच्या आइसक्रीमचे २८ प्रकार देशभर गाजले.

१९२९ सालीं त्यांनीं क्विन्सींत पहिलें उपाहारगृह काढलें. त्याच सुमारास बोस्टनच्या नगराध्यक्षांनीं यूजीन ओनील यांच्या ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’ या नाटकास शहरांत मनाई केल्यामुळें तें क्विन्सींत आलें. प्रयोग इतका लांब कीं मध्यें जेवणाची सुटी द्यावी लागे, आणि भुकेले प्रेक्षक जवळच्याच या नव्या उपाहारगृहांत शिरत. नगराध्यक्षांच्या सोवळेपणाचें पुण्य असें एका आइसक्रीमवाल्याच्या पदरीं पडलें!

१९३५ पासून जॉन्सन दुसऱ्यांस आपलें नांव वापरण्याचा मक्ता देऊं लागले. अट एवढीच कीं, माल त्यांच्याकडूनच घ्यावयाचा आणि नियम त्यांचेच पाळावयाचे. पदार्थ मध्यवर्ती स्वयंपाकगृहांत सिद्ध होत, गोठविले जात आणि मोटारींतून ठिकठिकाणीं रवाना होत. जॉन्सन स्वतः आगाऊ न कळवितां तपासणीस जात. परक्या मुलखांतून मोटार हांकणाऱ्या कुटुंबास स्वयंपाकी कोण हें ठाऊक नसे. दुरून दिसणारें नारिंगी छप्पर हेंच त्याला मिळालेलें आश्वासन असे.

परंतु याच व्यवस्थेंत एक दोष दडलेला होता. १९४० सालीं पेन्सिल्व्हेनियाच्या नव्या हमरस्त्यावरील उपाहारगृहांचा मक्ता जॉन्सन यांस मिळाला. अशा रस्त्यावर प्रवाशास दुसरीकडे जाण्याची सोय नसते. तो रागावला तरी जेवतोच, आणि त्याचा राग गल्ल्यांत दिसत नाहीं.

मध्यवर्ती स्वयंपाकगृह म्हटलें कीं अन्न निकस असावयाचेंच, ही समजूत मात्र सर्वस्वी खरी नव्हे. १९६० च्या सुमारास जाक पेपां आणि पिअर फ्राने हे दोन निष्णात फ्रेंच आचारी जॉन्सन यांच्याकडे आले. त्यांनीं मार्गारिनच्या जागीं लोणी आणि वाळविलेल्या कांद्याच्या जागीं ताजा कांदा आणला. एका कढईंतील ही सुधारणा शेंकडों टेबलांवर पोंचली. अर्थात् कढईंत काटकसर शिरली तर तीहि तितक्याच टेबलांवर पोंचणार, हें उघड आहे.

१९५९ सालीं सूत्रें पुत्राकडे गेलीं. १९६१ मध्यें कंपनीचे भाग बाजारांत आले. १९७० नंतरच्या दशकांत उपाहारगृहांची संख्या हजारावर गेली. संस्थापक १९७२ मध्यें वारले. पुढच्याच वर्षीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, पेट्रोल दुर्मिळ झालें, आणि मोटारप्रवाशांवर पोसलेल्या या धंद्यास जबर धक्का बसला. मग खर्च आंखडण्यास आरंभ झाला. नोकर कमी केले, सामग्री हलकी घेतली. हिशेबाच्या वहींत हें शहाणपणाचेंच दिसतें, कारण वांचलेला पैसा त्याच महिन्यांत जमेस येतो; न परतलेल्या गिऱ्हाइकासाठीं मात्र वहींत रकानाच नसतो.

तोंवर मॅकडोनाल्डसारखीं दुकानें काउंटरवर झटपट आणि स्वस्त अन्न देऊं लागलीं होतीं. जॉन्सनकडे टेबलापाशीं बसून वाढणारीची वाट पाहावयाची. ती हसतमुख असे आणि अन्न रुचकर असे, तोंवर त्या वाट पाहण्यांतहि विसांवा होता. वाढणाऱ्याच कमी झाल्यावर विसांव्याची ताटकळ झाली. एकाची त्वरा नाहीं आणि दुसऱ्याचें आतिथ्यहि नाहीं, अशा ठिकाणीं मुलांना घेऊन कोण थांबणार?

१९७९ मध्यें कंपनी एका ब्रिटिश उद्योगसमूहानें सुमारें ६३ कोटि डॉलरांस घेतली आणि १९८५ मध्यें जवळजवळ निम्म्या किमतीस मॅरिअट कंपनीस विकली. मॅरिअटला त्या मोक्याच्या जागा हव्या होत्या; अनेक ठिकाणीं नारिंगी छपरें उतरून दुसऱ्या नांवांच्या पाट्या लागल्या. कांहीं जुन्या मक्तेदारांनीं मिळून आपलीं उपाहारगृहें पुढें चालविलीं, पण तीं एकेक करून मिटलीं. शेवटचें न्यू यॉर्क संस्थानांत लेक जॉर्ज येथें होतें. तें २०२२ सालीं बंद झालें. आतां तें नांव रस्त्याकडेच्या उतारशाळांवर तेवढें उरलें आहे.