सवा महिना : बाळंतिणीला काय होतं, काय लागतं

प्रसूतीनंतरचे सहा आठवडे वैद्यकशास्त्र वेगळे मोजतं. आपल्या घरांत साधारण तोच काळ सवा महिना म्हणून पाळला जातो. चीनमध्ये बाळंतीण महिनाभर घरात विश्रांती घेते, लॅटिन अमेरिकेत चाळीस दिवस. एकमेकांपासून इतक्या दूरच्या समाजांना अनुभवातून जवळजवळ सारखंच उत्तर सापडलं.

आज मात्र बाळंतीण दोन-चार दिवसांत दवाखान्यातून घरी येते आणि घर पाहुण्यांनी भरून जातं. कौतुक बाळाचं होतं, सूचना आईला मिळतात. तिच्या शरीरात आणि मनात नेमकं काय चाललं आहे, हे तिला बहुधा कोणीच सांगितलेलं नसतं. ते इथे क्रमाने सांगायचं आहे. या काळात बाळंतिणीला सगळ्यांत जास्त गरज असते ती दुसऱ्याच्या हातांची. बाकीचे उपचार त्यानंतर येतात.

शरीर सावरताना

प्रसूती झाल्यावर गर्भाशयाचं वजन सुमारे एक किलो असतं. सहा आठवड्यांत ते 60-70 ग्रॅमवर येतं. हे आकसणं जाणवतं. बाळ पाजायला घेतलं की ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक स्रवतं, त्याने दूध वाहतं आणि गर्भाशयही आवळतं. त्यामुळे पाजताना ओटीपोटात कळ येते. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात ती जास्त जोराची असते आणि काही दिवसांत थांबते.

अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतं. आधी लाल, मग तपकिरी, शेवटी पिवळसर पांढरं. कमी झालेला लाल स्राव पुन्हा वाढला, तर पुष्कळदा आदल्या दिवशी काम जास्त झालेलं असतं. अशा वेळी आधी विश्रांती घ्यावी. तरी वाढतच राहिला तर डॉक्टरांना दाखवावं.

खालचे टाके भरायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. तोवर बसताना दुखतं आणि शौचाला जायची भीती वाटते. भरपूर पाणी, पालेभाज्या, फळं आणि टबात कोमट पाणी घेऊन त्यात बसणं, याने आराम पडतो. सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटाचे अनेक थर कापून शिवलेले असतात. तिने सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. पाण्याची बादली आणि गॅसचं सिलिंडर दुसऱ्या कोणीतरी उचलायचं. मात्र सतत खाटेवर पडून राहणंही धोक्याचं आहे, कारण त्याने पायातल्या शिरांत रक्ताच्या गाठी होऊ शकतात. पहिल्या दिवसापासून थोडं थोडं चालावं.

रात्री घामाने कपडे भिजणं, खोकताना लघवीचा थेंब निसटणं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळणं हेही अनेकींना होतं. लघवी आवरण्यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, ते डॉक्टरांकडून शिकून घ्यावेत. बाळंतपणानंतर असं व्हायचंच, म्हणून वर्षानुवर्षं सोसत राहायची गरज नाही.

दूध उतरताना

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. नवजात बाळाचं पोटही तेवढंच लहान असतं, त्यामुळे तो पुरतो. त्यात रोगाशी लढणारी द्रव्यं भरपूर असतात, म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावावं. नेहमीचं दूध दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान उतरतं, सिझेरियननंतर कधी थोडं उशिरा. घोळ नेमका याच दिवसांत होतो. ‘हिला दूधच नाही’ असं कोणीतरी बोलतं, वाटी-चमचा येतो, बाळ कमी चोखतं आणि चोखणं कमी झालं की दूधही कमी तयार होतं.

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. त्याच्या खुणा वेगळ्या आहेत. बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा दुपटी ओली होतात. पहिल्या आठवड्यात वजन थोडं घटतं, दोन आठवड्यांच्या आसपास जन्मवेळेएवढं होतं आणि पुढे रोज साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढतं. वजनकाटा समोर असेल तर शेजारपाजारच्या मतांचा त्रास कमी होतो.

बोंडाला चिरा पडत असतील तर बहुधा बाळाची पकड चुकते आहे. नुसतं बोंड तोंडात असून भागत नाही. भोवतालच्या काळ्या भागाचाही बराचसा हिस्सा आत जायला हवा, हनुवटी छातीला टेकायला हवी आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसायला हवा. सुरुवातीची ओढ सोडली तर पाजताना दुखत राहायला नको. दूध दाटून छाती दगडासारखी झाली तर वरचेवर पाजावं आणि मधल्या वेळी थंड कापड ठेवावं. एखादा भाग लाल होऊन ताप आला तर डॉक्टर गाठावेत, पण पाजणं बंद करू नये.

काही बाळं वेळेआधी जन्मतात, काही आया फार आजारी असतात. अशांसाठी दुसऱ्या मातांच्या दुधाची सोय असते. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातली पहिली. सगळे प्रयत्न करूनही एखादीचं दूध कमीच पडलं आणि डॉक्टरांनी वरचं दूध सुचवलं, तर ती आई म्हणून कुठेही कमी पडलेली नसते. तिला हे मोठ्याने सांगायला हवं.

रात्र आणि रडणं

नवजात बाळ दिवसभरात सोळा तासांच्या आसपास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. रात्र आणि दिवस त्याला सारखेच. आईची झोपही तशीच तुटते.

रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त होतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. बहुतेक बाळं संध्याकाळी जास्त रडतात. पोट भरलेलं, दुपटं कोरडं, अंगात ताप नाही, तरी बाळ तासभर रडू शकतं. त्यात आईचा काही दोष नाही आणि दृष्टीचाही नाही. रडणं असह्य झालं तर बाळाला पाठीवर सुरक्षित झोपवून पाच मिनिटं खोलीबाहेर जावं. बाळाला कधीही गदागदा हलवू नये; त्याने मेंदूला गंभीर इजा होते.

पाजणं आईने करायचं असलं तरी ढेकर काढणं, दुपटं बदलणं आणि झोपवणं कोणालाही जमतं. ही कामं वडिलांनी किंवा आजीने घेतली तर आईला रोज एकदा तरी सलग चार तास झोप मिळू शकते. एवढ्या झोपेने बराच फरक पडतो.

मनाचं काय होतं

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेक बाळंतिणींना कारण नसताना रडू येतं. संप्रेरकं झपाट्याने उतरलेली असतात आणि झोप झालेली नसते. हे हळवेपण दोन आठवड्यांत ओसरतं. तिला रडू द्यावं आणि जवळ बसावं.

दोन आठवड्यांनंतरही उदासी टिकली, बाळ झोपलेलं असताना झोप येईना, खाण्यावरची वासना गेली, बाळाविषयी काहीच वाटेना किंवा सतत भीती वाटत राहिली, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. भारतातल्या अनेक अभ्यासांचा 2017 साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात हे प्रमाण सुमारे 22 टक्के निघालं. त्याआधी गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींत ते 23 टक्के होतं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगाच हवा असताना मुलगी होणं, यांचा या आजाराशी संबंध त्या अभ्यासात दिसला. म्हणजे हा आजार काही अंशी आपण, घरातली माणसं, घडवतो. मुलगी झाल्यावर पडलेले चेहरे बाळंतिणीला दिसतात.

‘एवढं गोड बाळ झालंय, मग रडायचं कशाला’ या वाक्याने ती गप्प होते, आजार मात्र तसाच राहतो. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी तो बरा होतो. पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. टेलिमानस ही सरकारी मोफत मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर मिळते. हजारात एक-दोघींना मात्र पहिल्या आठवड्यांत तीव्र मनोविकार होतो. भास होतात, बोलणं असंबद्ध होतं, बाळाविषयी विचित्र कल्पना येतात. अशा वेळी क्षणही न दवडता रुग्णालयात न्यावं आणि तिला एकटं सोडू नये.

ठेवायच्या रीती, सोडायच्या रीती

जुन्या रीतींत शहाणपण भरपूर आहे. माहेरी जाणं, स्वयंपाकातून सुटका, न्हाऊ-माखू घालणं, हलक्या हाताने मालिश, अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू हे सगळं ठेवावं. अळिवात लोह आहे आणि पाजणाऱ्या आईला रोज सुमारे 600 उष्मांक जास्त लागतात. त्याबरोबर डाळ, भाज्या, फळंही हवीत. बाळाला वायू होईल या भीतीने तिचं ताट वरणभातावर आणायला आधार नाही. पाणी तोडणं तर चुकीचंच आहे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने चालू ठेवाव्यात.

काही गोष्टी मात्र सोडायलाच हव्यात.

- बाळाला मध, गुटी किंवा पाणी देणं. सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं. मध तर वर्षभर नको.
- नाळेला हळद, राख किंवा तूप लावणं. ती कोरडी ठेवली की आपोआप पडते.
- डोळ्यांत काजळ, नाका-कानांत तेल घालणं.
- बंद खोलीत शेगडी आणि धुरी. कोळशाच्या विषारी वायूने आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.
- कावीळ उन्हाने जाईल म्हणून घरीच थांबणं.

आशाताईंच्या सहा भेटी

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. उपचारांअभावी त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या आणि 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. बाळाच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो तो याच पहिल्या चार आठवड्यांत.

शंभराहून अधिक वर्षांनी त्यावर मोठं उत्तर महाराष्ट्रातूनच आलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या 39 गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि 2011 पासून ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या बाळाचं वजन करतात, ताप बघतात, आईची चौकशी करतात. त्यांना दारातूनच परत पाठवू नये. सहाव्या आठवड्यात बाळाच्या लसी असतात. त्याच फेरीत आईचीही तपासणी करून घ्यावी आणि पुढच्या गर्भधारणेत अंतर ठेवण्याविषयी विचारावं. पाळी आली नसली तरी दिवस जाऊ शकतात.

ताबडतोब रुग्णालय गाठायच्या खुणा

आईला:
- तासाभरात पॅड पूर्ण भिजणं किंवा मोठ्या गाठी पडणं
- 100.4 अंशांच्या वर ताप, स्रावाला घाण वास
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी, झटके. रक्तदाब प्रसूतीनंतरही वाढू शकतो.
- एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, धाप, छातीत दुखणं
- स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार

बाळाला:
- दूध ओढणं बंद होणं, फार मलूल होणं
- अंग तापलेलं किंवा गार पडलेलं
- मिनिटाला साठाहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं
- पहिल्या चोवीस तासांत कावीळ किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसणं
- झटके, बेंबीभोवती लाली किंवा पू

रुग्णवाहिकेसाठी 108 आणि 102 हे क्रमांक आहेत.

कामांची वाटणी

ऊसतोडीच्या फडावर बाळंत होणाऱ्या बाईला सवा महिना मिळत नाही. थोड्याच दिवसांत तिला पुन्हा कामावर उभं राहावं लागतं. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण ती नोकरदार स्त्रीला. शेतमजूर आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांना ती नाही. शहरात दोन खोल्यांत राहणाऱ्या जोडप्याकडे रजा असते, पण हाताशी माणूस नसतं. विश्रांती कोणाला मिळते, हे आज परिस्थितीवर ठरतं, आणि हे बदलायला हवं.

घरापुरतं मात्र आजही ठरवता येतं. आठव्या महिन्यातच नवरा-बायकोने बसून कागदावर लिहावं: स्वयंपाक कोण करणार, दुपटी कोण धुणार, रात्रीचं ढेकर काढणं कोणाचं, मोठ्या मुलाला शाळेत कोण सोडणार, पाहुण्यांना ‘महिन्याने या’ असं कोण सांगणार. बायकोच्या नावापुढे फक्त तीन गोष्टी लिहाव्यात: पाजणं, खाणं, झोपणं. बाकी सगळ्यांपुढे दुसऱ्या कोणाचं तरी नाव हवं. एखादी ओळ रिकामी राहिली, तर तिथे मावशी, शेजारीण, मैत्रीण किंवा पगारी मदतनीस यांपैकी कोण येईल हे प्रसूतीआधीच ठरवावं. बाळ आल्यावर हे बोलायला कोणालाही वेळ नसतो, आणि न ठरलेलं प्रत्येक काम शेवटी बाळंतिणीच्याच अंगावर पडतं.