घटस्फोट झाला म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही

शेतजमीन, घर आणि बँकेतील ठेवी यांच्या वाटपाचा विषय निघाला की हिंगोली जिल्ह्यात, तसा तो महाराष्ट्रात कोठेही, एक समज छातीठोकपणे सांगितला जातो : न्यायालयाने घटस्फोटाचा हुकूमनामा दिला की पहिल्या पत्नीच्या नावे केलेले मृत्युपत्र आपोआप बाद होते, आणि तेवढ्याने भागले नाही तरी दुसऱ्या लग्नाने ते नक्कीच संपते. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता, म्हणजे या जिल्ह्यातील बहुसंख्य कुटुंबांपुरता, हा समज पूर्वार्धात चूक आहे आणि उत्तरार्धातही चूकच आहे.

गोंधळाचे मूळ दोन भिन्न गोष्टी एकत्र करण्यात आहे. मृत्युपत्र न करता व्यक्ती मरण पावली, तर तिची मालमत्ता कायद्याने ठरवलेल्या वारसांकडे जाते. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पुरुषाच्या पहिल्या वर्गातील वारसांत मुले, मुली, आई यांच्यासह विधवा येते, आणि घटस्फोटित स्त्री ही त्या पुरुषाची विधवा ठरत नसल्यामुळे तिचा हा वारसाहक्क संपतो. मृत्युपत्राने मिळणारा हक्क मात्र नात्यातून येत नाही, तो करणाऱ्याच्या लेखी इच्छेतून येतो. ती इच्छा शेजाऱ्याच्या नावे असू शकते, संस्थेच्या नावे असू शकते, तशीच घटस्फोटित पत्नीच्या नावेही असू शकते. लेखात तिचे नाव स्पष्ट असेल, तर पुढे ‘माझी पत्नी’ हे वर्णन खरे उरले नाही एवढ्याने ती तरतूद कोसळत नाही.

पुनर्विवाहाबद्दलचा समज निराधार नाही, पण तो दुसऱ्यांच्या कायद्यातून आलेला आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६९ मध्ये विवाहाने आधीचे मृत्युपत्र रद्द होते असे म्हटले आहे, आणि ते ख्रिस्ती व पारशी व्यक्तींना लागू पडते. परंतु त्याच कायद्याच्या कलम ५७ चे परंतुक, म्हणजे नियमाला जोडलेला अपवाद, स्पष्ट सांगते की हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीचे मृत्युपत्र विवाहाने रद्द होणार नाही. घटस्फोटाने मृत्युपत्र बाद होण्याची तरतूद तर या कायद्यात कोणाहीसाठी नाही. इंग्लंडच्या १८३७ च्या कायद्यात, पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार, घटस्फोटित जोडीदार मृत्युपत्रापुरता मृत समजला जातो. तो नियम परदेशस्थ नातेवाइकांच्या बोलण्यातून आणि मोबाइलवरील सल्ल्यांतून इकडे येतो आणि इकडचाच म्हणून सांगितला जातो.

परिणाम किती कठोर होतो, हे एका कल्पित उदाहरणावरून दिसेल. वसमत तालुक्यातील एका हळद उत्पादकाने स्वकष्टार्जित चार एकर जमीन नाव घालून मृत्युपत्राने पहिल्या पत्नीला लिहून दिली, पुढे रीतसर घटस्फोट घेतला, दुसरा विवाह केला, त्याला मूल झाले आणि कपाटातील जुना कागद न बदलता तो गेला, तर ती जमीन पहिल्या पत्नीला मिळू शकते. दुसऱ्या पत्नीच्या व मुलाच्या हाती फार तर पोटगीचा दावा उरतो.

या उदाहरणातील उत्पादकाने जुन्या कागदावर निळ्या पेनने पहिल्या पत्नीचे नाव खोडून वर दुसरे लिहिले असते, तरी उपयोग झाला नसता. भारतीय वारसा कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे मृत्युपत्र पूर्ण झाल्यानंतरची खाडाखोड, तिच्यालगत सही आणि साक्षीदारांच्या सह्या नसतील तर, निरर्थक असते. झेरॉक्स फाडल्यानेही काही होत नाही. कलम ७० नुसार हिंदू व्यक्तीचे मृत्युपत्र नवे मृत्युपत्र किंवा पुरवणी करून, ते रद्द केल्याचा तशाच रीतीने साक्षांकित लेख करून, अथवा रद्द करण्याच्या हेतूने मूळ प्रत स्वतः, किंवा आपल्यासमोर व आपल्या सांगण्यावरून दुसऱ्याकडून, फाडून, जाळून वा अन्य रीतीने नष्ट करूनच रद्द होते. नियम इतका सरळ असताना ‘सगळ्यांना माहीत आहे की आमचे पटत नव्हते’ हा पुरावा कसा मानला जातो, हे कोडेच आहे.

याहून धोकादायक समज बॉण्डवर लिहिलेल्या सोडचिठ्ठीचा आहे. जिथे सिद्ध करता येईल अशी जातीची रूढी नाही, तिथे नोटरीसमोरचा असा कागद हिंदू विवाह संपवत नाही. पहिली पत्नी कायदेशीर पत्नी राहते आणि दुसरा विवाह अवैध ठरतो. अशा विवाहातील मुलांना आईवडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने रेवणसिद्दप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या खटल्यात १ सप्टेंबर २०२३ रोजी स्पष्ट केले, पण त्या दुसऱ्या विवाहातील स्त्रीला विधवा म्हणून वारसाहक्क नाही. तिच्या बाबतीत अद्ययावत मृत्युपत्र हाच मुख्य आधार असतो.

उरलेले समज थोडक्यात. नोंदणीकृत मृत्युपत्र नंतरच्या, नोंदणी न केलेल्या पण रीतसर मृत्युपत्राने रद्द होऊ शकते, कारण नोंदणी ऐच्छिक आहे. सावत्र मूल घरात वाढले तरी दत्तक घेतल्याशिवाय सावत्र वडिलांचे वारस होत नाही. सातबारावरील फेरफार हा महसुली नोंदीपुरता असतो, त्याने मालकी ठरत नाही. शेअर्सचा नामनिर्देशित माणूस मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शक्ती यझदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर या खटल्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी सांगितले. विम्याचे नियम २०१५ पासून काहीसे वेगळे असल्याने तेथील नामनिर्देशन स्वतंत्रपणे बदलून घ्यावे लागते. मुस्लिम व्यक्तीला साधारणतः एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करायचे तर वारसांची संमती लागते.

ज्यांचा घटस्फोट वा पुनर्विवाह झाला आहे, त्यांनी ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ या वाक्याने सुरू होणारे नवे मृत्युपत्र करावे, त्यात लाभार्थींची पूर्ण नावे आणि जमिनीचे गट क्रमांक घालावेत, ज्यांना काही मिळणार नाही अशा दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्या दोघांनीही सही करणाऱ्यासमोरच आपल्या सह्या कराव्यात. दुय्यम निबंधक कार्यालयात मृत्युपत्र नोंदवायचे ठरवले तरी त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही.